मदत हवी आहे: बेसिनचा तळ खाली नेतं कोण, प्लेट की गाळ?

नमस्कार मंडळी, जिऑलॉजीत एमएस्सी करतेय, सेमिनारला प्लेट टेक्टॉनिक्स आणि सेडिमेंटरी बेसिन (जिथे गाळ साठत जातो ते खोलगट भाग) हा विषय घेतलाय आणि चार दिवस एकाच जागी अडकून पडलेय.

गाळाचे खडक 3-4 किमी जाड असतात आणि कितीतरी ठिकाणी तळाशी बघा नाहीतर माथ्याला, खुणा उथळ पाण्याच्याच, लाटांचे ठसे, चिखल वाळून पडलेल्या भेगा. म्हणजे आधी 4 किमीचा खड्डा होता आणि तो नंतर भरला असं झालेलंच नाही, तळ खचत गेला आणि वरून गाळ येत गेला.

मला वाटायचं गाळाच्या वजनानेच खचत असेल. म्हणून हिशोब मांडला, मँटलची (क्रस्ट म्हणजे वरच्या कवचाखालचा जड थर) घनता 3.3, गाळाची 2.3, समुद्राच्या पाण्याची 1.03 (ग्रॅम/घनसेमी). 50 मीटर पाण्याच्या जागी गाळ भरला तर तळ दबून दबून एकूण साधारण 113 मीटर गाळ मावतो आणि तिथे संपलं! 4 किमीसाठी दुसरं काहीतरी लागणारच.

मग मॅकेन्झीचं 1978 चं मॉडेल वाचलं. प्लेट ताणली की क्रस्ट पातळ होतं, खालून जड मँटल वर येतं, जमीन भराभर खचते. ताण थांबल्यावर तेच गरम मँटल थंड होत आकसतं आणि बेसिन कोट्यवधी वर्षं हळूहळू खचत राहतं. नॉर्थ सीमध्ये ज्युरासिक काळातले फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या भेगा) खाली आणि त्यांच्यावर नंतरचे थर चादरीसारखे पसरलेले, हे छान पटलं.

अडचण पुढे आहे. सरावाला दिलेल्या आलेखात (काळानुसार तळ किती खोल गेला त्याच्या) रेघ आधी खडी उतरते, मग सपाट होत जाते, इथपर्यंत बरोबर, पण नंतर परत खाली वळते आणि उतार वाढतच जातो. दुसऱ्यांदा ताण पडला म्हणावं तर वरच्या थरांत त्या काळातला एकही नॉर्मल फॉल्ट (ताणाने पडणारा) नाही. हे काय आहे? प्लीज कुणीतरी सांगा, मनापासून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
हिशोब करून मग विचारताय हे फार आवडलं. आता त्या दुसऱ्या उताराचा आकार बघा. ताणाने खचलं तर वेग आधी जास्त आणि मग कमी. तुमच्याकडे उलटं, आधी मंद मग जोरात. हे बहुतेक फोरलँड बेसिन. शेजारी दोन प्लेट भिडून डोंगर उभा राहतोय, त्याच्या ओझ्याने प्लेट वाकतेय आणि डोंगर जसा पुढे सरकत येतो तसा तुमचा बिंदू जास्त जास्त खाली जातो. गंगेचं मैदान डोळ्यासमोर आणा, हिमालयाच्या पायथ्याशी गाळ सगळ्यात जाड आणि दक्षिणेला पातळ होत जातो. पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमध्ये तर खाली बारीक वाळू आणि चिखल, सगळ्यात वर गोटेवाला कॉंग्लोमरेट, डोंगर जवळ आल्याचंच लक्षण ते. आणि आता ते थर स्वतःच घड्या पडून टेकड्या झालेत. वरच्या थरांची जाडी कुठल्या बाजूला वाढते आणि गाळ कुठून वाहत आला, एवढं तपासा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! आत्ताच नकाशा काढून बसले. खालच्या थरांची जाडी फॉल्टच्या कडेला वाढते, वरच्या थरांची मात्र पश्चिमेकडे एकसारखी वाढत जाते, आणि वरच्या वालुकाश्मातले प्रवाहाचे बाण सगळे पूर्वेकडे! डोंगर पश्चिमेला होता तर. अजून एक, असा दाब आल्यावर रिफ्टचे (प्लेट ताणून खचलेल्या पट्ट्याचे) जुने फॉल्ट नुसतेच पडून राहतात का?

प्रतिसाद:
नाही, कधीकधी उलटे सरकतात. कच्छ हे मेसोझोइकमधलं (डायनासोरांच्या काळातलं) रिफ्ट, आता दाबाखाली आहे आणि 2001 चा भुजचा भूकंप रिव्हर्स फॉल्टवरच (दाबाने एक बाजू वर चढते तो) झाला. तुमच्या सेक्शनमध्ये (थरांच्या उभ्या छेदात) जुन्या फॉल्टच्या माथ्यावरचे थर फुगीर दिसतात का बघा.