मदत हवी आहे: नववीच्या मुलांची तारेची मोटर झटका देऊन थांबते

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांकडून साधी विद्युत मोटर करून घेणं चालू आहे. चार मुलांमागे एक संच. काही संच झकास फिरतात, बाकीचे अडून बसलेत.

मांडणी अशी: टॉर्चमध्ये असतो तो १.५ व्होल्टचा मोठा सेल. त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, पिनांच्या डोळ्यांत कुंडलाची टोकं. तार २६ गेजची, इनॅमलचा लेप असलेली. त्याच सेलभोवती गुंडाळून १५ वेढे घेतलेत. एका टोकाचा लेप चहूबाजूंनी खरवडलाय, दुसऱ्याचा अर्ध्याच बाजूचा. चुंबक सेलच्या अंगावर, कुंडलाच्या बरोबर खाली. काही गटांनी मात्र तो कुंडलाच्या बाजूला उभा केलाय.

अडणारे संच तीन प्रकारचे आहेत.
अ) कुंडल एक झटका देतं, दोनदा झुलतं आणि आडवं होऊन थांबतं.
ब) काहीच होत नाही, सेलही गार.
क) बोटाने ढकललं की चार-पाच फेरे मारतं आणि मंदावतं.

दुसरा प्रश्न: मोटर फिरली की विषय संपला, असं व्हायला नको. तिच्यावर काहीतरी मोजायचं आहे. वेढे वाढवले तर वेग वाढतो का, हा प्रश्न मुलांनीच काढलाय. वेग मोजायचा कसा?

झणझणीत

१.५ व्होल्ट कमी पडत असतील. ९ व्होल्टचा चौकोनी सेल लावून पाहा, ताकद वाढेल.

तांबडी तार

९ व्होल्टचा सेल नको. त्याचा अंतर्गत रोध १ ते २ ओहमच्या आसपास असतो आणि तुमच्या कुंडलाचा रोध त्याच्या दशांशाएवढा. हिशेब करून पाहा: मोठ्या सेलचा व्यास साधारण ३.३ सेमी, म्हणजे एक वेढा १०.४ सेमी. १५ वेढे आणि दोन टोकं मिळून सुमारे १.७ मीटर तार. २६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.१ ओहम, म्हणजे कुंडल ०.१७ ओहमचं. इतक्या कमी रोधावर ९ व्होल्टच्या सेलचा दाब जागच्या जागी कोसळतो, बहुतेक ऊर्जा सेलच्या आतच उष्णता होऊन जाते आणि सेल लवकर मरतो. मोठा अल्कलाइन सेल हीच योग्य निवड आहे. झिंक-कार्बनचा सेलही चालतो, पण एवढ्या धारेला तो लवकर दमतो.

आणि एक गोष्ट ठामपणे: मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम सेल मुलांच्या हातात या प्रयोगासाठी देऊ नका. ०.१७ ओहम म्हणजे जवळपास शॉर्ट सर्किटच. तसा सेल एवढी धारा देतो की तार भाजते, सेल पेटूही शकतो.

दिक्परिवर्तक

प्रयोगवही, तुमचे अ, ब, क हे तीन वेगवेगळे आजार आहेत. तिन्ही ओळखायला मल्टीमीटर पुरतो. सेल काढून ठेवा किंवा एका पिनेखाली कागदाचा कपटा सरकवा. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप वाजते त्या खुणेवर ठेवा आणि दोन पिनांना दोन टोकं लावा. आता कुंडल हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. अर्धी फेरी बीप आणि अर्धी फेरी शांतता, असं व्हायला हवं.

फेरीभर बीप वाजत राहिली तर तो तुमचा 'अ'. अर्धा म्हणून खरवडलेला लेप प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त गेलाय. २६ गेजची तार ०.४६ मिमी जाडीची. हातात धरून पॉलिश पेपर ओढला की तो कडेने खाली वळतो आणि दुसरी बाजूही घासली जाते. फेरीभर धारा चालू राहिल्यावर काय होतं, हे मुलांकडून वहीत काढून घ्या: पहिल्या अर्ध्या फेरीत बल कुंडलाला पुढे ढकलतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत तेच बल मागे खेचतं. म्हणून ते झुलून आडवं स्थिरावतं. अर्धा लेप ठेवण्याचं कारणच हे आहे: मागे खेचायची वेळ आली की धारा तोडायची आणि तेवढी अर्धी फेरी कुंडलाने स्वतःच्या जडत्वावर पार करायची.

उपाय सोपा आहे. ते टोकही सगळीकडून खरवडून टाका आणि अर्ध्या बाजूला नेलपॉलिशचा एकच पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. खरवडण्यापेक्षा रंगवताना अर्धी बाजू राखणं मुलांना खूप सोपं जातं. जाड थर नको. उंचवटा झाला की कुंडल पिनेत उड्या मारतं.

बीप वाजलीच नाही तर तो 'ब'. लेप निघालेला नाही. बारीक, ४०० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि गुलाबीसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत घासा. इनॅमलचा रंगही तांब्यासारखाच असल्यामुळे डोळ्यांना फसवतो, मीटरवरच विश्वास ठेवा. काडी पेटवून लेप जाळण्याची युक्ती सांगितली जाते, ती टाळा. धूर अपायकारक असतो आणि मागे राहणारा काळा ऑक्साइड वीज नीट जाऊ देत नाही, म्हणजे घासणं चुकत नाहीच. मीटर बरोबर बोलतोय आणि तरी सेल गार असेल, तर दोष सेलच्या टोकाशी आहे. धन टोकाच्या उंचवट्याला पिन टेकते की बाजूच्या आवरणाला, ते पाहा. शिवाय कुंडल नेमकं लेपाच्या बाजूवर विसावलं असेल तर धारा लागतच नाही. अशा वेळी बोटाने हलकी टिचकी देणं हा दोष नव्हे, या मोटरची ती गरजच आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: अर्धा लेप कोणत्या अर्ध्या भागावरचा काढायचा. चुंबक खाली असेल तर क्षेत्र उभं असतं. कुंडल उभं असताना त्यावर फिरवणारं बल सर्वांत जास्त, आडवं असताना शून्य. धारा चालू असण्याची अर्धी फेरी या सर्वाधिक बलाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली हवी. म्हणून कुंडल उभं धरायचं आणि टोकाची वरची किंवा खालची अर्धी बाजू खरवडायची. वरची घेतली काय, खालची घेतली काय, फक्त फिरण्याची दिशा बदलते.

चुंबक बाजूला उभा केला की क्षेत्र आडवं झालं. तिथे कुंडल आडवं असताना बल सर्वाधिक, म्हणून खरवडताना कुंडल टेबलावर आडवं ठेवून मग वरची बाजू घासायला हवी. तुमच्या त्या गटांनी कुंडल उभं धरून घासलं असेल, तर धारा चालू असते तेव्हा अर्धा वेळ बल पुढे आणि अर्धा वेळ मागे. बीपची चाचणी पास होईल आणि तरी मोटर नुसती थरथरेल. चुंबक खाली हलवा, दुसरं काही करायला नको.

तांबडी तार

यात एक भर. टोकं मऊ असतात. खरवडून झाल्यावर ती सरळ करताना तार पिळली जाते आणि खरवडलेली बाजू फिरून भलतीकडे जाते. म्हणून आधी टोकं सरळ करायची, कुंडल पिनांत ठेवून तोल पाहायचा आणि सर्वांत शेवटी खरवडायचं.

'क' बहुतेक वेळा तोलाचा प्रश्न असतो. दोन्ही टोकं कुंडलाच्या व्यासाच्या दोन बिंदूंतून, अगदी समोरासमोर निघायला हवीत. प्रत्येक टोक वेढ्यांभोवती दोनदा घट्ट गुंडाळून मग बाहेर काढा, म्हणजे वेढेही सुटत नाहीत. चाचणी: सेल न जोडता कुंडल उभं, आडवं, तिरकं ठेवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती बाजू जड आहे. टोकं किंचित जड बाजूकडे वाकवा.

तोल बरोबर असूनही मंदावत असेल तर पिनेचा डोळा आणि तार यांच्यामधली काळी पुटकुळी पाहा. दर फेरीला तिथे बारीक ठिणगी पडते आणि तांबं काळवंडतं. दर काही मिनिटांनी पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. आणि एखाद्या गटाने 'धारा जाते का ते दिसावं' म्हणून टॉर्चचा बल्ब एकसरीत जोडला असेल तर तो काढा. बल्बमुळे धारा इतकी घटते की कुंडल हलतच नाही.

प्रयोगवही

दिक्परिवर्तक, तांबडी तार, दोघांचेही मनापासून आभार. बीपच्या चाचणीने निकाल लगेच लागला. 'अ' गटांत बीप फेरीभर वाजत होती. नेलपॉलिश लावल्यावर ते संच फिरू लागले. बाजूला चुंबक ठेवलेल्या गटांची बीप बरोबर होती, चुंबक खाली आणताच तेही सुरू झाले. एकच संच उरलाय, त्याच्या पिना चुंबकाकडे ओढल्या जातात. त्या गटाकडे निओडिमियमचा चुंबक आहे.

आता मोजण्याबद्दल कोणी सांगेल का?

तांबडी तार

पिना पोलादाच्या, म्हणून ओढल्या जातात. त्यांच्या जागी १८ गेजची उघडी तांब्याची तार वाकवून आधार करा, डोळा ३ मिमीचा. तांब्यावर चुंबकाचा परिणाम नाही. निओडिमियमचे चुंबक मुलांना मोजून द्या, मोजून परत घ्या. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मधे पकडून गंभीर इजा करतात, त्यामुळे लहान भावंडं असलेल्या घरी ते जाता कामा नयेत.

चौकट २४०

वेगासाठी मोबाइलचं स्लो मोशन चित्रण सर्वांत सोपं. कुंडलाच्या एका बाजूला व्हाइटनरचा बारीक ठिपका द्या. बारीकच, कारण अख्खं कुंडल अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, मोठ्या ठिपक्याने तोल जाईल. सेकंदाला २४० चौकटी या गतीने चित्रण करा आणि ठिपका वर आल्यापासून १० फेऱ्या होईपर्यंत किती चौकटी गेल्या ते मोजा. ३०० चौकटी भरल्या तर एका फेरीला ३०, म्हणजे सेकंदाला ८ फेऱ्या, मिनिटाला ४८०. एकच फेरी मोजली तर एका चौकटीची चूकही मोठी ठरते, दहा फेऱ्यांत ती वाटली जाते.

साधं, ३० चौकटींचं चित्रण वापरू नका. सेकंदाला ३० फेऱ्या फिरणारं कुंडल त्यात स्थिर दिसेल आणि २९ फेऱ्यांचं उलटं फिरताना दिसेल. हे मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखं आहे, पण मोजायला निरुपयोगी. चित्रण खिडकीच्या उजेडात करा, काही दिव्यांचा लपलपाट स्लो मोशनमध्ये ठिपका गिळून टाकतो.

दिक्परिवर्तक

मुलांचा प्रश्न उत्तम आहे, पण पहिला प्रयोग म्हणून वेढ्यांची संख्या बदलायला देऊ नका. ५, १०, १५, २० वेढ्यांची चार कुंडलं म्हणजे चार वेगळ्या हातांनी केलेलं खरवडणं, चार वेगळे तोल. त्या फरकात वेढ्यांचा परिणाम बुडून जातो आणि मुलं त्या गोंधळाला निष्कर्ष समजतात.

आधी चुंबकाचं अंतर बदला. कुंडल तेच, पिना त्याच, सेल तोच. मात्र चुंबक सेलवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि कुंडलाचे आधार लाकडी पट्टीवर उंच करून सेल तारांनी जोडा. चुंबकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे रचून कुंडलाच्या खालच्या कडेपासूनचं अंतर ५, १०, १५, २०, २५ मिमी करा. प्रत्येक अंतराला तीन वाचनं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. ५ पासून २५ पर्यंत ओळीने गेलात तर वेग अंतरामुळे घटला की सेल उतरल्यामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणूनच मोटर चालू असताना सेलच्या दोन टोकांमधला व्होल्टेज प्रत्येक वाचनाबरोबर नोंदवा आणि शेवटी पहिलं अंतर पुन्हा एकदा मोजा. पहिलं आणि शेवटचं वाचन जुळलं नाही तर नवा सेल लावून सगळं परत. एका वेळी २०-३० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, मधे पिनेखाली कागद सरकवा.

धारा मोजायचा मोह होईल. मोजायची तर मीटरची लाल तार १० अँपियरच्या छिद्रात घालूनच. मिलिअँपियरच्या छिद्रात घातली की मीटरचा फ्यूज उडतो.

आलेख सरळ रेषा येणार नाही, ती ओढायला मुलांना सांगू नका. बिंदू जिथे पडतील तिथे पडू द्यात. एखाद्या अंतरापुढे मोटर सुरूच होत नाही, तेही वाचनच आहे: 'शून्य' न लिहिता 'फिरली नाही' असं लिहा.

एवढं हातात बसलं की वेढ्यांकडे वळा, आणि प्रत्येक संख्येची किमान तीन कुंडलं एकाच मुलाकडून करून घ्या. प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लेखी घ्या. 'वेढे दुप्पट, वेग दुप्पट' असं बहुतेक जण लिहितील. तसं होत नाही. वेढे वाढले की फिरवणारं बल वाढतं खरं, पण तारेचा रोध वाढून धारा घटते, कुंडल जड होतं, पिनांवरचं घर्षण वाढतं, आणि फिरणाऱ्या कुंडलात सेलच्या विरुद्ध निर्माण होणारा दाबही वेढ्यांबरोबर वाढतो. म्हणून एका मर्यादेनंतर वेढे वाढवून वेग उलट कमी होऊ शकतो. ती मर्यादा तुमच्या तारेला, चुंबकाला आणि सेलला कुठे येते, हे पुस्तकात नसतं. मुलांना ते मोजूनच काढावं लागेल.

प्रयोगवही

चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचं सुचलं नव्हतं, ते उद्याच करून घेते. आधाराची पट्टी किती उंच लागेल?

दिक्परिवर्तक

कुंडलाची त्रिज्या १.७ सेमी, सर्वांत मोठं अंतर २.५ सेमी, चुंबकाची जाडी धरा अर्धा ते एक सेमी. आस टेबलापासून साडेपाच सेमीवर घ्या. पट्टीवर दोन खिळ्यांऐवजी दोन पितळी स्क्रू बसवा आणि आधाराची तार त्यांच्याखाली आवळा. सेलकडून येणारी तारही तिथेच आवळली की रबरबँडचा ढिला संपर्क हा प्रश्नच उरत नाही. चुंबक हलवताना पट्टी सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.