मदत हवी आहे: नवं स्टेडियम झाल्यावर क्लबचं तिकिटांचं उत्पन्न नेमकं किती वाढतं, ते कसं मोजायचं?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

मी मूळची कोल्हापूरची, सध्या लिव्हरपूलमध्ये क्रीडा व्यवस्थापन शिकते आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध दिलबहार असे गावातल्या संघांचे सामने बघत वाढले, त्यामुळे प्रबंधाला फुटबॉलच घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. विषय घेतला इथल्याच एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमचा. आता हिशेबात अडकले आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एव्हर्टन १८९२ पासून गुडिसन पार्कवर खेळत होता. १८ मे २०२५ ला पुरुष संघाने तिथला शेवटचा सामना साउदॅम्प्टनविरुद्ध २-० असा जिंकला. ते मैदान पाडलं नाही, आता तिथे महिला संघ खेळतो. पुरुष संघ मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीच्या जागेवर बांधलेल्या हिल डिकिन्सन स्टेडियममध्ये गेला. लीगमधला तिथला पहिला सामना २४ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनविरुद्ध झाला आणि तोही २-० ने जिंकला. गुडिसनची क्षमता ३९,४१४ होती, नव्या मैदानाची ५२,७६९ आहे.

अडचण अशी की या पहिल्या मोसमाचा ताळेबंद प्रसिद्ध होण्याआधी मला प्रबंध द्यायचा आहे. म्हणजे अंदाजच बांधावा लागणार. मी सरळ त्रैराशिक मांडलं: खुर्च्या ३४ टक्क्यांनी वाढल्या, म्हणून उत्पन्नही ३४ टक्क्यांनी वाढेल. मार्गदर्शकांनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "सगळ्या खुर्च्या सारख्याच असतात का?" तेव्हापासून विचारच चालू आहे.

जुन्या क्लबांच्या आकड्यांवरून स्टेडियमचा परिणाम वेगळा कसा काढायचा? त्याच वर्षी संघ चांगला खेळला, युरोपच्या स्पर्धांत खेळला किंवा तिकिटं महागली, तर वाढ कशामुळे झाली हे कसं ओळखायचं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

आणखी एक, हे प्रबंधात येणार नाही. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते ते काका शाळेत असल्यापासून गुडिसनला जायचे. उत्पन्न वाढणं म्हणजे शेवटी त्यांच्याच खिशातून जास्त पैसे जाणं असेल, तर मला ते नीट समजून घ्यायचंय.

हिशेबनीस

विषय छान घेतलात. तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रश्नातच उत्तर आहे. सगळ्या खुर्च्या सारख्या नसतात.

आर्सेनलपासून सुरुवात करा, कारण तिथले आकडे सर्वांत स्वच्छ आहेत. त्यांचं जुनं मैदान हायबरी, क्षमता ३८,४१९. २००६ मध्ये ते एमिरेट्स या नव्या मैदानावर गेले, तिथली क्षमता तेव्हा सुमारे ६०,२६०. म्हणजे खुर्च्या ५७ टक्क्यांनी वाढल्या. सामन्यांच्या दिवशीचं उत्पन्न हायबरीच्या शेवटच्या मोसमात, २००५-०६ मध्ये, ४.४१ कोटी पौंड होतं. पुढच्याच मोसमात ते ९.०६ कोटी झालं. दुपटीहून जास्त.

आता हेच दोन भागांत तोडा. नुसत्या खुर्च्या वाढल्या असत्या आणि दर खुर्चीमागचं उत्पन्न तेच राहिलं असतं, तर ४.४१ चे साधारण ६.९ कोटी झाले असते. वरचे सव्वादोन कोटींच्या आतबाहेरचे पौंड कुठून आले? महागड्या खुर्च्यांमधून. एमिरेट्सचा मधला सगळा मजला क्लब लेव्हल म्हणून बांधला आणि सोबत १५० बॉक्स, म्हणजे भाड्याने मिळणारे खासगी कक्ष, दिले. हायबरी हे गल्लीबोळात दाटीने बसलेलं जुनं मैदान, तिथे अशी सोय वाढवायला जागाच नव्हती. दर खुर्चीमागचं उत्पन्न जवळपास ३१ टक्क्यांनी वाढलं, ते मुख्यतः यामुळे.

युरोपाचा प्रश्नही इथेच सुटतो. २००५-०६ मध्ये आर्सेनल चॅम्पियन्स लीग या युरोपच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलं होतं, त्यामुळे घरच्या मैदानावर त्या स्पर्धेचे ६ सामने झाले. २००६-०७ मध्ये पात्रता फेरी धरून ५ झाले. म्हणजे तुलनेचं जुनं वर्ष उलट जास्त कमाईचं होतं, तरीही नव्या वर्षाने ते दुप्पट मागे टाकलं. इथे तरी यशाने आकडा फुगवला असं म्हणता येत नाही.

उत्तर_लंडन

मी टॉटनम क्लबच्या मैदानाजवळच राहतो. हिशेबनीसांच्या पद्धतीत एक भर घालतो: वर्षाचा आकडा घेऊ नका, दर सामन्याचा घ्या.

टॉटनमचं जुनं मैदान ३६,२८४ चं, नवं ६२,८५०. नव्या मैदानावरचा लीगचा पहिला सामना ३ एप्रिल २०१९ चा. २०२२-२३ मध्ये सामन्यांचं उत्पन्न ११.७६ कोटी पौंड होतं, २०२३-२४ मध्ये ते १०.५८ कोटींवर आलं. बघणाऱ्याला वाटेल, नव्याची नवलाई संपली. पण सामने मोजा. पहिल्या वर्षी चॅम्पियन्स लीग होती, घरी एकूण २४ सामने झाले. दुसऱ्या वर्षी युरोपच नव्हतं, चषकांतूनही लवकर बाहेर पडले, त्यामुळे २१ च. भागाकार केला की दोन्ही वर्षी एका सामन्याला साधारण ५० लाख पौंड येतात. मैदानाची कमाई जिथल्या तिथे होती, सामने कमी झाले एवढंच.

तुलनेचं जुनं वर्ष निवडतानाही जपा. २०१७-१८ चा अख्खा मोसम आणि पुढचा बराचसा टॉटनम वेम्ब्ली या तिसऱ्याच मैदानावर खेळलं, त्यामुळे ती वर्षं 'आधीची' म्हणून धरता येत नाहीत. २०२०-२१ तर पूर्णच सोडा. त्या वर्षी कोरोनामुळे मैदानं ओस पडली होती, सगळ्या मोसमाचं उत्पन्न १९ लाख पौंड. एक अब्ज पौंडांहून जास्त खर्चून बांधलेलं मैदान आणि आत माणूस नाही. ते दिवस इथे राहून पाहिलेत, अजून आठवलं की पोटात तुटतं.

तुरीनवारी

खुर्च्या वाढल्यावरच उत्पन्न वाढतं असंही नाही. इटलीतल्या युव्हेंटस क्लबचं जुनं मैदान देल्ले आल्पी ६९,००० चं होतं, खेळपट्टीभोवती धावपट्टी, प्रेक्षक लांब आणि निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये ४१,००० चं स्वतःच्या मालकीचं मैदान बांधलं. मधली वर्षं शहरातल्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये काढली. तिथल्या शेवटच्या मोसमात सामन्यांचं उत्पन्न १.१६ कोटी युरो होतं, नव्या मैदानाच्या पहिल्या मोसमात ३.१८ कोटी.

पण त्याच मोसमात ते एकही लीग सामना न हरता विजेते झाले. त्यामुळे सगळं श्रेय मैदानाला देऊ नका.

शाहूपुरीकर

खूप खूप आभार! दोन दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते तुम्ही तिघांनी एका संध्याकाळी उलगडून दिलंत.

मी लगेच करून पाहिलं. एव्हर्टनच्या खुर्च्या १.३४ पट. आर्सेनलसारखंच दर खुर्चीमागे १.३१ पट धरलं तर गुणाकार १.७५ येतो, म्हणजे ७५ टक्के वाढ. हे जास्त होतंय का? लिव्हरपूल म्हणजे लंडन नव्हे. दुसरीकडे गुडिसनच्या लाकडी खुर्च्या आणि खांबाआडच्या जागा पाहता तिथे महागडं विकायला फार काही नव्हतंच, त्यामुळे सुरुवातच इतकी खालून आहे की वाढ जास्तही होऊ शकेल.

हिशेबनीस

७५ हा एकच आकडा लिहू नका, पट्टा द्या. खालचं टोक ३४, म्हणजे फक्त खुर्च्या वाढल्या असं धरून. वरचं टोक आर्सेनलच्या मापाने. मग मधे कुठे आणि का, यावर तुमचं प्रकरण उभं राहील. लंडनमध्ये बॉक्स विकत घेणाऱ्या बँका आणि वकिलांच्या फर्म मैदानापासून काही मैलांवर आहेत, हा फरक नक्की लिहा.

शिवाय तीन बारीक गोष्टी आहेत, नेहमी यांच्यातच घोळ होतो. इंग्लंडमध्ये तिकिटाच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि ताळेबंदात दिसतं ते व्हॅट वजा करून, म्हणून छापील किंमत गुणिले प्रेक्षक असं केलंत तर आकडा फुगेल. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामन्याच्या तिकिटांची रक्कम दोन्ही संघांत वाटली जाते, त्यामुळे तो सामना लीगच्या सामन्याइतका मोजू नका (वर टॉटनमच्या २४ आणि २१ मध्येही असे सामने आहेत, तेवढी सूट धरा). आणि प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचं तिकीट २०१६ पासून ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. मैदान कितीही नवं असलं तरी त्या कोपऱ्यातलं उत्पन्न फारसं वाढत नाही.

ठाण्याचा_गोलकीपर

मालकी कुणाची हेही बघा. लंडनचाच वेस्ट हॅम क्लब २०१६ मध्ये ३५,०००च्या अपटन पार्कमधून ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मैदानात गेला. ९९ वर्षांचा करार, भाडं सुरुवातीला वर्षाला २५ लाख पौंड, म्हणजे कवडीमोल. पण मैदान आपलं नाही, त्यामुळे खाण्यापिण्यावर किंवा इतर कार्यक्रमांवर क्लबला मालकासारखा हक्क नाही. एवढ्या जागा भरायच्या म्हणून सर्वांत स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडांना ठेवलं. प्रेक्षक खूप वाढले, उत्पन्न त्या प्रमाणात वाढलं नाही. तुमच्या काकांसारख्यांच्या बाजूने पाहिलं तर मात्र स्वस्त तिकीट ही चांगलीच गोष्ट होती, फक्त खेळपट्टी लांब गेली.

आणि वाढलेलं उत्पन्न सगळं संघावर खर्च होत नाही. आर्सेनलने ३९ कोटी पौंडांचं मैदान बांधलं, त्यासाठी २६ कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले. उत्पन्न दुप्पट झालं आणि तरीही फाब्रेगास, नासरी, व्हॅन पर्सी हे मोठे खेळाडू एकामागोमाग क्लब सोडून गेले. २००५ नंतर पुढची ट्रॉफी थेट २०१४ ला. मी ती नऊ वर्षं रात्री जागून पाहिली आहेत. प्रबंधात कर्जफेडीचा रकाना ठेवाच, ही माझी कळकळीची विनंती.

शाहूपुरीकर

ठेवते, नक्की ठेवते.

काकांशी काल बोलले. गुडिसनला त्यांच्या जागेसमोर खांब होता, डावीकडचा गोल बघायला मान वाकडी करावी लागायची. नव्या मैदानात दक्षिणेकडच्या मोठ्या एकमजली स्टँडमध्ये जागा मिळाली आहे, सगळं समोर दिसतं. तिकिटाबद्दल विचारलं तर म्हणाले, जास्तीचे पैसे द्यायला जीवावर येत नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचा तीस वर्षांचा सोबती आता येत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळत नाही, पण प्रस्तावनेत त्यांचं नाव न घेता लिहिणार आहे.

शेवटचा प्रश्न: दर खुर्चीमागचं उत्पन्न काढताना भागायचं कशाने? क्षमतेने की जाहीर झालेल्या प्रेक्षकसंख्येने?

उत्तर_लंडन

दोन्हींनी भागा आणि दोन्ही दाखवा. फक्त जाहीर होणारी संख्या बहुतेक वेळा विकलेल्या तिकिटांची असते, सीझन तिकीट असून न आलेले लोकही तीत मोजलेले असतात. तिकिटाच्या पैशांसाठी ती चालते, कारण पैसे आधीच जमा झालेले असतात. खाण्यापिण्याच्या विक्रीसाठी चालत नाही. घरी बसलेला माणूस मैदानावर 'पाय' (pie) विकत घेत नाही.

शाहूपुरीकर

पाय म्हणजे ते मांस भरलेलं पॅटिस ना? गुडिसनला एकदा खाल्लंय. ठीक, दोन वेगळे तक्ते करते. रविवारी मसुदा इथेच टाकते, हिशेबनीस, तुम्ही नजर घालाल ना?

हिशेबनीस

घालतो. सोबत एक्सेलची फाइलही टाका, सूत्रं बघायची आहेत.