मदत हवी आहे: लेक प्रिन्स्टनला, 'ईटिंग क्लब' घ्यायचा म्हणतोय. काय प्रकार आहे हा?

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण अमेरिकेत आहेत म्हणून विचारतेय, जुना धागा असेल तर लिंक द्या प्लीज, मी शोधलं पण सगळे एमएसवाल्यांचेच धागे सापडले.

लेक प्रिन्स्टनला सेकंड इयरला आहे, अंडरग्रॅड. आत्तापर्यंत सगळं सुरळीत होतं, राहणं-जेवण सगळं कॉलेजचंच आणि ते फायनान्शियल एडमध्ये बसत होतं त्यामुळे आम्हाला त्यात डोकं घालावं लागलं नाही. परवा फोनवर म्हणाला की थर्ड इयरपासून बरेच जण कॉलेजच्या मेसमध्ये जेवत नाहीत, ईटिंग क्लबमध्ये जेवतात, आणि त्यासाठी सुट्टीनंतर 'बिकर' असतो, म्हणजे क्लबातली मुलं याचा इंटरव्ह्यू घेणार आणि मग ठरवणार की याला घ्यायचं की नाही. मी म्हटलं अरे जेवायला इंटरव्ह्यू?? तर नुसता हसला. आणि वर्षाचे दहा हजार डॉलर किंवा जास्तच म्हणे. आठ-नऊ लाख रुपये झाले हो!

याचे बाबा म्हणतायत घेऊ दे, तिथे ओळखी होतात, पुढे नोकरीला उपयोग होतो. मला ते काही पटत नाहीये. तर हे क्लब कॉलेजचे आहेत की बाहेरचे, एडमध्ये बसतात का, तिथे दारूबिरू किती चालते, आणि समजा याला नाहीच घेतलं तर हा जेवणार कुठे? घरी आम्ही शाकाहारी, तिकडे तो काय खातो ते मी विचारत नाही आणि तो सांगत नाही, पण निदान पर्याय तरी असावा ना. कुणाची मुलं तिथे असतील तर सांगा.

प्लेन्सबोरोकर

मीनलताई, आम्ही तिथून पंधरा मिनिटांवर राहतो, इकडे आपली माणसं भरपूर आहेत, काळजी करू नका.

प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, पोरं त्याला नुसतं 'द स्ट्रीट' म्हणतात. त्यावर ओळीने बंगले, कुठला विटांचा कुठला दगडी, बाहेरून बघितलं तर वाटेल बड्या वकिलांची घरं आहेत. हे क्लब. एकूण अकरा, त्यातला टेरेस तेवढा कोपऱ्यावरून वळून वॉशिंग्टन रोडला. आणि हे युनिव्हर्सिटीच्या मालकीचे नाहीत. प्रत्येकाचं माजी विद्यार्थ्यांचं वेगळं बोर्ड, इमारत त्यांची, आचारी त्यांचे, फी पण तेच ठरवतात.

कसं सुरू झालं तेही मजेशीर आहे. १८५०च्या दशकात कॉलेजची स्वतःची खानावळ बंद पडली आणि त्याच सुमारास फ्रॅटर्निटींवर (म्हणजे मुलांच्या खासगी मंडळांवर) पण बंदी आली. मग पोरं गावात ज्याच्या-त्याच्याकडे डबा-खानावळ लावून जेवायला लागली, त्यातून टोळकी जमली, टोळक्यांना नावं पडली. १८७९ मध्ये एका टोळक्याने आयव्ही हॉल नावाची इमारत भाड्याने घेतली, तोच आजचा आयव्ही क्लब, सगळ्यात जुना. पुढे पैसेवाल्या माजी विद्यार्थ्यांनी एकेक करून बंगले बांधून दिले. त्यामुळे आज दिसतंय ते फार राजेशाही पण मूळ सगळं पोटापाण्याचंच.

तिरकस_पेठकर

म्हणजे पेठेतल्या खानावळीवर 'आज पाहुणे घेणार नाही' अशी पाटी असते ती यांनी बंगल्यावर लावली आणि तिला परंपरा म्हणायला लागले. छान आहे.

वाघोबा

पेठकर 😄 अगदीच चूक नाही तुमचं.

मी तिथेच अंडरग्रॅड केलंय, काही वर्षं झाली आता, पण धाकटी चुलत बहीण अलीकडेच बाहेर पडली त्यामुळे बरंचसं ताजं माहिती आहे. मीनलकाकू जरा सविस्तर लिहितो.

सगळ्या क्लबांना इंटरव्ह्यू नसतो हे पहिलं लक्षात घ्या. अकरापैकी निम्म्याच्या आसपास क्लब बिकरचे, म्हणजे निवड करणारे: आयव्ही, कॉटेज, कॅप अँड गाऊन, टायगर इन, टॉवर, कॅनन. बाकीचे साइन-इन, तिथे नाव नोंदवायचं, जागेपेक्षा जास्त नावं आली तर त्यांचे नियम असतात पण तुमच्या स्वभावाची कुणी परीक्षा घेत नाही. बिकर पण प्रत्येक क्लबचा वेगळा. आयव्हीत एकामागून एक मेंबरांशी बसून गप्पा, म्हणजे इंटरव्ह्यूच, आणि टायगर इन किंवा कॅननमध्ये खेळ, धिंगाणा, कोण किती मोकळं होतंय ते बघायचं. मग तुम्ही घरी जाता आणि आतमध्ये मेंबर रात्र-रात्र बसून तुमच्याबद्दल बोलतात. हा भाग मला तेव्हाही घाण वाटायचा आणि आजही वाटतो. ज्याच्याशी तुम्ही दहा मिनिटं बोललात तो तुमच्या नावावर मत देणार. नकार आला की त्याला 'होज' झालास म्हणतात. मी झालोय, कुठल्या क्लबात ते सोडा. दोन आठवडे वाईट गेले, कारण रूममेटला घेतलं होतं आणि सकाळी-सकाळी त्याला न्यायला सगळी वरात गात-ओरडत आमच्याच दारात आली, त्याला उचलून नेला आणि मी पांघरुणात.

मग टेरेसला साइन-इन केलं. त्यांचं ब्रीदच 'फूड इज इक्वल टू लव्ह' आणि जेवण खरंच उत्तम, व्हेज-व्हीगन रोज असायचं. तिथली पोरं म्हणजे बँडवाले, चित्रं काढणारे, फिलॉसॉफीवाले, मी इंजिनिअर असून माझं मस्त जमलं. थिसिसच्या दिवसांत (प्रिन्स्टनला सीनिअर थिसिस जवळजवळ सगळ्यांना असतो, लेकाने सांगितलंच असेल) रात्री उशिरा किचनमध्ये जाऊन टोस्ट आणि सूप मिळायचं हे माझ्या लेखी त्या फीमधलं सगळ्यात वसूल काम.

दारू: न्यू जर्सीत वय २१ लागतं. तरी क्लबांच्या तळघरात टॅपरूम (बिअर प्यायची खोली) असतात आणि गुरुवार-शनिवार रात्री स्ट्रीटवर गर्दी असते. पण ती पार्टी फर्स्ट इयरवाल्यांनासुद्धा पास मिळवून जाता येते, म्हणजे तो आत्तापर्यंत जाऊन आलाच असणार. क्लब घेतल्यामुळे त्यात नवीन काही होणार नाही एवढंच सांगतो 🙏

मीनल_ठाणे

वाघोबा मनापासून धन्यवाद, इतकं कुणी लिहीत नाही हल्ली. शेवटचं वाक्य त्याच्या बाबांना वाचून दाखवणार नाहीये.

पैशांचं सांगा ना कुणीतरी.

वाघोबा

हो ते राहिलंच. तुम्हाला एड आहे म्हणजे सोपं आहे. थर्ड आणि फोर्थ इयरला एड ठरवताना जेवणाचा आकडा युनिव्हर्सिटी मुळातच वाढवून धरते, क्लबांच्या सरासरी खर्चाच्या हिशोबाने. आणि तिथली एड म्हणजे ग्रँट, कर्ज नाही, २००१ पासून कर्ज पॅकेजमधून काढूनच टाकलंय. त्यामुळे आठ-नऊ लाख तुमच्या खिशातून जाणार असं नाही. मात्र क्लब सरासरीपेक्षा महाग असेल तर वरचा फरक तुमचा, आणि सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरला क्लब काही फी लावतात, सोशल फी वेगळी असते, ती त्याला आधी लेखी विचारायला सांगा. एड ऑफिसला एक मेल टाकायचा, अमुक क्लब घेतला तर किती आणि को-ऑप (मुलं मिळून चालवतात ती मेस) घेतला तर किती धरता. ते नीट उत्तर देतात.

सानिका_एडिसन

को-ऑपचा विषय निघालाच आहे तर मी हेच लिहायला आले होते. मीनलताई 'टू डिकिन्सन' बद्दल त्याला विचारा!! डिकिन्सन स्ट्रीटवर एक घर आहे, विद्यार्थ्यांचा शाकाहारी को-ऑप. मुलं मिळून सामान आणतात, मिळून स्वयंपाक करतात, आठवड्यातून एकदा तुमची पाळी, बाकीचे दिवस आयतं ताट. क्लबच्या मानाने अगदीच स्वस्त. माझी भाची तिथे होती, एकदा आम्हाला जेवायला बोलावलं तर ही पोरगी, जिने घरी कधी कुकर लावला नाही, ती भल्यामोठ्या पातेल्यात चाळीस-पन्नास जणांची डाळ ढवळत उभी, कपाळावर घाम, एका हातात फोन, फोनवर माझी बहीण नाशिकहून सांगतेय हिंग आधी, मोहरी तडतडू दे, आणि शेजारी एक उंच गोरा मुलगा गंभीर चेहऱ्याने कोथिंबीर देठांसकट चिरतोय. डाळ बरी झाली होती. मीठ कमी.

शाकाहारी नको असेल तर बाकीचे को-ऑप पण आहेत, ब्राऊन को-ऑप वगैरे. जागा मर्यादित असतात, लवकर नाव घालावं लागतं.

तिरकस_पेठकर

हे मात्र आवडलं. पण मूळ मुद्द्यावर कुणी बोलतच नाहीये. नोकरीसाठी ओळखी हे जे मीनलताईंचे यजमान म्हणतायत ते त्या क्लबांचं खरं भांडवल आहे आणि म्हणूनच कुणाला बाहेर ठेवायचं यावर तिथे एवढी वर्षं मारामाऱ्या झाल्या. वुड्रो विल्सन, तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो, प्रिन्स्टनचा अध्यक्ष असताना १९०७ मध्ये त्याने क्लब मोडून सगळ्यांनी एकत्र राहायचं-जेवायचं अशी योजना मांडली, माजी विद्यार्थी असे खवळले की ट्रस्टींनी दिलेली मंजुरी परत घेतली. नंतर १९५८ चा बिकर, 'डर्टी बिकर' म्हणूनच ओळखला जातो, शेवटी २३ मुलं अशी राहिली की त्यांना एकाही क्लबाने घेतलं नाही आणि त्यातली निम्म्याहून जास्त ज्यू होती. हा काही योगायोग नव्हे. आणि बायका! कॉलेजने १९६९ मध्ये मुलींना प्रवेश दिला पण काही क्लब पुरुषांचेच राहिले, सॅली फ्रँक नावाच्या विद्यार्थिनीने १९७९ मध्ये आयव्ही, कॉटेज आणि टायगर इनविरुद्ध तक्रार केली. कॉटेजने १९८६ मध्ये माघार घेतली, बाकीच्या दोघांचं प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. एका मुलीला तिथे जेवायला बसता यावं म्हणून अकरा वर्षं कोर्टकचेरी. ताई, लेकाला हे सांगा आणि मग म्हणावं जा बिकरला.

प्लेन्सबोरोकर

पेठकर, इतिहास बरोबर पण आज तिथे मुली क्लबच्या प्रेसिडेंट होतात, आपल्याकडचीही पोरं असतात. वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर १९५८ चं ओझं कशाला? त्याचे चार मित्र जिथे जातायत तिथे त्याला जायचंय, बास.

तिरकस_पेठकर

ओझं नाही, माहिती. मित्र जातायत तर साइन-इनला पण जाऊ शकतात ना चौघं मिळून.

वाघोबा

खरंय, आणि बरेच जण तसंच करतात, मित्रांचा गट आधी ठरवतो आणि सगळे मिळून साइन-इन करतात. बिकरमध्ये चौघांतला एक बाहेर राहतो आणि मग बाकी तिघांचं जेवण वेगळ्या बंगल्यात, ते जास्त लागतं. मात्र तुटत काही नाही. मील एक्स्चेंज असतं, म्हणजे क्लबवाला मित्र तुम्हाला एकदा जेवायला नेतो, तुम्ही त्याला तुमच्या मेसमध्ये न्यायचं, हिशोब महिन्यात फिटतो. शिवाय थर्ड-फोर्थ इयरवाल्यांना आठवड्याला दोन जेवणं कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये फुकट मिळतात.

मीनलकाकू, नोकरीच्या ओळखींबद्दल माझं मत: फायनान्स आणि कन्सल्टिंगमध्ये जायचं असेल तर दोन-तीन क्लबांचा उपयोग होतो, नाही म्हणणार नाही. तुमचा लेक काय करतोय?

मीनल_ठाणे

मॉलिक्युलर बायोलॉजी. पीएचडी करायची म्हणतो.

वाघोबा

मग काकांना सांगा लॅबमधल्या ओळखी वाढव म्हणून, बिकरचं जाऊ दे 😀

मीनल_ठाणे

काल बोलले त्याच्याशी. टू डिकिन्सन त्याला माहीत होतं, उलट मलाच म्हणाला तुला कुणी सांगितलं. त्याचं म्हणणं असं की कॅप अँड गाऊनला बिकर करून बघणार कारण दोन मित्र करतायत, नाही झालं तर को-ऑप किंवा 'इंडिपेंडंट' राहणार म्हणजे स्वतःचं स्वतः करून खायचं. सॅली फ्रँकचं सांगितलं तर म्हणाला आई हे आम्हाला फर्स्ट इयरलाच कळतं. मी म्हटलं बरं बाबा. एड ऑफिसला मेल टाकलाय त्याने.

आता नवीन प्रश्न. इंडिपेंडंट राहिला तर रूममध्ये छोटा कुकर आणि इंडक्शन ठेवता येईल का? इथून एक ओळखीचे जानेवारीत जातायत, त्यांच्याबरोबर पाठवीन म्हणते. तीन लिटरचा पुरेल?

सानिका_एडिसन

नका पाठवू! डॉर्मच्या खोलीत स्वयंपाकाची उपकरणं चालत नाहीत, तपासणीत सापडली तर घेऊन जातात, राइस कुकरसुद्धा. स्वयंपाक सामायिक किचनमध्येच करायचा. इंडिपेंडंट राहायचं पक्कं असेल तर स्पेलमन हॉल्ससाठी प्रयत्न करायला सांगा, तिथे अपार्टमेंटसारख्या खोल्या, स्वतःचं किचन. मागणी खूप असते, रूम ड्रॉच्या (खोल्या वाटप होतं त्याच्या) आधीच मित्रांचा ग्रुप जमवून ठेवावा लागतो. कुकर काय, इसेलिनला ओक ट्री रोडवर हॉकिन्स-प्रेस्टीज सगळं मिळतं, शिट्टी आणि रबरी रिंगसुद्धा सुटी मिळते. सामानात वजन वाचतंय तर मेतकूट आणि गोडा मसाला द्या, इकडचा दुकानातला गोडा मसाला म्हणजे नुसतं धण्याचं पीठ असतं.

प्लेन्सबोरोकर

+१. आणि २०२७ ला ग्रॅज्युएशनला येणार असाल तर राहण्याचं वर्षभर आधी बघा. आदल्याच आठवड्याच्या शेवटी रीयुनियन असतं, म्हातारे-कोतारे माजी विद्यार्थी केशरी-काळे कोट घालून मिरवणुकीला हजारोंनी येतात, गावात हॉटेल मिळत नाही. न मिळालं तर आमच्याकडे या, खरंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मीनल_ठाणे

अहो २०२८, सेकंड इयरला आहे तो अजून 😊 पण व्यनि करा, पत्ता लागेलच. गोडा मसाला किती देऊ, अर्धा किलो?

सानिका_एडिसन

किलो द्या. अर्धा मी घेईन.