अनुभव धागा: मागे पडलेले रॉक अल्बम, आणि ते मागे का पडले (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव)

मांडवी, पणजी

"अमका अल्बम भारी आहे, पण कोणी ऐकत नाही" असं म्हटलं की वाद फक्त लांबतो. म्हणून इथे लिहिताना चार गोष्टी सांगा: वर्ष, सुरुवात कुठल्या गाण्यापासून करायची, कान कुठे लावायचा, आणि अल्बम मागे पडला त्याचं कारण. कारण सगळ्यांत महत्त्वाचं. काही अल्बम दुकानातच पोचले नाहीत. काही पोचले, पण त्याच बँडचं मोठं काम शेजारी उभं राहिलं. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी.

सुरुवात मी करते. पिंक फ्लॉइडचा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स', जून १९७२. बार्बेट श्रोडरच्या 'ला व्हॅले' या चित्रपटासाठी फ्रान्समधल्या शातो देरूव्हील स्टुडिओत दोन टप्प्यांत केलेला; मधे बँड जपानला जाऊन आला. चित्रपटाचं काम म्हणून लोकांनी तो बाजूला ठेवला, आणि मार्च १९७३ मध्ये 'डार्क साइड ऑफ द मून' आल्यावर तर विषयच संपला.

सुरुवात 'चाइल्डहुड्स एंड'पासून करा. त्यातला ड्रमचा कोरडा ठेका ऐकलात की 'डार्क साइड'मधलं 'टाइम' कुठून आलं ते कळतं. मग पहिल्या बाजूचं तिसरं आणि सहावं गाणं, 'बर्निंग ब्रिजेस' आणि 'मडमेन', लागोपाठ लावा. कॉर्ड्सची चाल तीच आहे, एकात शब्द आहेत, दुसऱ्यात नाहीत. रिक राइटचा ऑर्गन आणि गिल्मूरची गिटार एकमेकांना जागा कशी देतात, हे या जोडीत जितकं उघडं दिसतं तितकं त्यांच्या मोठ्या अल्बममध्ये दिसत नाही. शीर्षकगीत मात्र फोनच्या स्पीकरवर लावू नका. व्हीसीएस ३ सिंथेसायझरचा खालचा घुमारा तिथे उमटतच नाही, आणि तो गेला की गाण्यात काही उरत नाही.

साइड बी, म्हापसा

लेड झेपेलिनचा 'प्रेझेन्स', ३१ मार्च १९७६. ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर रॉबर्ट प्लांटच्या गाडीला अपघात झाला, दौरा रद्द झाला, आणि नोव्हेंबरमध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत १८ दिवसांत अल्बम उरकला. स्टुडिओच्या पुढच्या तारखा रोलिंग स्टोन्सच्या होत्या. प्लांट व्हीलचेअरवर बसून गायला आहे.

लोकांना तो का रुचला नाही? कीबोर्ड नाही. अकूस्टिक गिटार जवळपास नाही. 'स्टेअरवे टू हेवन' या त्यांच्या गाजलेल्या गाण्यासारखी हळू चढत जाणारी एकही रचना नाही. म्हणजे ज्या गोष्टींसाठी लोक या बँडकडे जात, त्याच काढून टाकल्या होत्या. माझ्या मते तीच त्याची ताकद आहे: मोजकी वाद्यं, मोकळी हवा, आणि बॉनहॅमचे ड्रम कशाच्याही मागे लपलेले नाहीत.

'अकिलीस लास्ट स्टँड' दहा मिनिटांहून लांब आहे. पहिल्या वेळी गिटार सोडा, फक्त बेस ऐका. जॉन पॉल जोन्स इथे आठ तारांचा अलेम्बिक बेस वाजवतो. त्यात प्रत्येक जाड तारेच्या शेजारी वरच्या सप्तकातली बारीक तार असते, त्यामुळे पिकने वाजवला की तो निम्मा रिदम गिटारसारखा वाजतो. स्वस्त इअरफोनवर बेस फुगवलेला असेल तर हा वरचा भाग दबतो आणि नुसती घरघर ऐकू येते. इक्वलायझर सपाट ठेवा. 'फॉर युअर लाइफ' त्यांनी मंचावर पहिल्यांदा वाजवलं ते थेट २००७ मध्ये, लंडनच्या पुनर्मीलनाच्या मैफलीत. 'टी फॉर वन' मलाही जड जातं; 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' आधी झालेलं असताना त्याची गरज नव्हती.

तेरा मात्रा, फोंडा

किंग क्रिमसन, 'रेड', ऑक्टोबर १९७४. अल्बम बाजारात येण्याआधीच गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने बँड मोडल्याचं जाहीर केलं. दौरा नाही, मुलाखती नाहीत, मग खपणार कसा? आज संगीतकार त्याला मानतात हे खरं, पण आपल्याकडे शास्त्रीय ऐकणाऱ्यांच्या घरात तो पोचलाच नाही आणि तिथेच तो पोचायला हवा.

त्यांच्यासाठी शेवटचं गाणं, 'स्टारलेस', बारा मिनिटांचं. सुरुवातीला मेलोट्रॉन (टेपवरचे वाद्यस्वर वाजवणारा कीबोर्ड) आणि गाणं. ते ओसरलं की जॉन वेटनचा बेस एकटा उरतो आणि तेरा मात्रांचं आवर्तन सुरू होतं. तबला येणाऱ्याने इथे विभाग शोधायला जाऊ नये, टाळी-खाली जुळवण्यात पाचसहा आवर्तनं निघून जातात. बेसची ओळ पुन्हा पहिल्या स्वरावर येते ती सम धरा आणि पायाने मोजत राहा. वर फ्रिप दोन तारांवर एकच स्वर छेडत राहतो आणि फार सावकाश वर सरकतो. ड्रमर ब्रुफर्ड आधी नुसता किणकिणाट करतो, पूर्ण ड्रम नंतर येतात. पुढे लय दुप्पट होते. तोवर मोजणी सुटली नसेल तर ती उडी अंगावर येते, सुटली असेल तर नुसता गोंगाट वाटतो. या गाण्याबद्दलची निम्मी नाराजी त्या सुटलेल्या मोजणीमुळे आहे, असं माझं ठाम मत आहे.

फेरिक, मडगाव

वरच्या सगळ्यांना माझी एक पुरवणी. गोव्यात यांतले बरेच अल्बम कॅसेटवर ऐकले गेले, तेही कॉपीवरून कॉपी केलेल्या. 'आवाज मंद आहे, प्रॉडक्शन वाईट आहे' हे मत अनेकदा अल्बमबद्दलचं नसतं, त्या टेपबद्दलचं असतं. जुनी कॅसेट परत लावून मत तपासायचं असेल तर या क्रमाने जा.

आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कॅसेटला हमखास येते. तशी टेप डेकमध्ये घालू नका. टेप वाचणाऱ्या हेडवर घाण बसते, आणि त्याच डेकवर पुढची चांगली टेपही खराब होते. बाहेर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात टेप हलवा आणि हाताने हळू गुंडाळताना सुक्या मऊ कापडाच्या घडीतून जाऊ द्या.

मग आतली छोटी फेल्टची गादी बघा. दमट हवेने तिचा गोंद सुटतो, गादी पडते, टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधली पट्टी बसवली की काम होतं.

हेड आणि टेप ओढणारी धातूची कॅपस्टन दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपला त्या दांडीवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र ते वारंवार लावू नका, रबर कडक होऊन भेगा पडतात आणि टेप गुंडाळली जाते. तिथे साबणाचं पातळ पाणी पुरतं.

शेवटी अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन. हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने हेडचा कल बदलतो. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) बंद करा, आवाज मोनो करा, झांजांचा भाग लावा आणि स्क्रू एका वेळी अगदी थोडा फिरवा. झांजा सगळ्यांत तीक्ष्ण लागतील तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. हे आधी न करता डॉल्बी चालू केलं तर आधीच मंद झालेले वरचे स्वर आणखी दाबले जातात. संगणकावर उतरवून घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास.

ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दीड तास तापवून पुन्हा वापरा. तो ओव्हन स्वयंपाकाचा नको.

शापोरा, शिवोली

फेरिकबाब, टेपचाच विषय निघाला तर रेमो फर्नांडिसचा 'गोवन क्रेझी', १९८४. शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकवर (म्हणजे टेपवर एका वेळी फक्त चार सुटे आवाज ठेवता येतात), बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवून केलेला. रेमो म्हटलं की लोकांना पुढची चित्रपटगीतं आठवतात, फार तर १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक'. हा पहिला मागेच राहतो.

चार ट्रॅकवर दहा आवाज कसे बसतात, ते कळलं की या अल्बमकडे बघायची नजर बदलते. तीन ट्रॅक भरायचे, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, पहिले तीन पुसून पुन्हा भरायचे. एकदा मिसळलेलं परत सुटं करता येत नाही, म्हणजे ड्रम आणि बेसचं प्रमाण अगदी सुरुवातीला, पुढचं काहीच ऐकलेलं नसताना ठरवावं लागतं. प्रत्येक उतरवणीत टेपचा हिस्स (सरसर आवाज) वाढतो आणि वरचे स्वर बोथट होतात. म्हणून अशा मुद्रणात शेवटी भरलेला आवाज सर्वांत स्वच्छ असतो. गाताना कोरस आणि मुख्य आवाज यांच्या चकाकीत फरक जाणवला तर तो क्रम कानांनीच ओळखता येतो. याला 'घरगुती आवाज' म्हणून कमी गुण देणं मला पटत नाही.

बेसमन, वास्को

मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'चं (१९८८) नाव इथे कोणी घेईल, म्हणून आधीच सांगतो: तो मागे पडलेला अल्बम नाही, मिक्स बिघडलेला अल्बम आहे. जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. घरी खालचे स्वर वाढवून तो परत येत नाही, कारण बेस बराच वेळ रिदम गिटारचीच ओळ वाजवतो. बटण फिरवलं की गिटारचा खालचा भाग आणि बास ड्रम फुगतात, बस.

माझं मत बिग स्टारच्या 'नंबर वन रेकॉर्ड'ला, १९७२, मेम्फिस. मांडवीताईंच्या पहिल्या प्रकारातला हा नमुना. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे होतं, त्यांचा जम सोल संगीतात, आणि रॉकच्या दुकानांत प्रती पोचल्याच नाहीत. परीक्षण वाचून दुकानात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला. 'थर्टीन'पासून सुरू करा: दोन अकूस्टिक गिटार, आवाज, ड्रम नाहीत.

साइड बी, म्हापसा

बेसमनशी सहमत. जाता जाता क्वीनचा 'क्वीन २', मार्च १९७४. याच्या बाजूंना ए आणि बी न म्हणता व्हाइट आणि ब्लॅक म्हटलंय. ब्लॅक बाजू पूर्ण फ्रेडी मर्क्युरीची. गाणी एकमेकांत शिरतात, त्यामुळे ॲपमध्ये शफल आणि क्रॉसफेड (गाण्यांची टोकं एकमेकांवर चढवणं) बंद, गॅपलेस (मधे खंड न पडू देणं) चालू. 'ओगर बॅटल'ची सुरुवात हा त्याच गाण्याचा शेवट उलटा फिरवलेला आहे. क्रॉसफेड चालू असेल तर नेमका तोच भाग आधीच्या गाण्याखाली दबतो.

मांडवी, पणजी

इंडियन ओशन या बँडच्या 'डेझर्ट रेन'बद्दल (१९९७) कोणीच लिहिलं नाही. 'कंदीसा' (२०००) सगळ्यांकडे आहे, हा थेट मैफलीत मुद्रित झालेला क्वचित कोणाकडे सापडतो. हेडफोनवर सुस्मित सेनची गिटार आणि अशीम चक्रवर्तीचा तबला यांच्यामधली जागा ऐका. तबला वाजवता वाजवता तोच गातोय, त्यामुळे ठेका आणि श्वास एकाच माणसाचे आहेत. ज्यांच्याकडे कॅसेट असेल त्यांनी फेरिकबाबांचा अझिमथ आधी करा, मग लिहा.