शब्दचर्चा: अंड्युलेटर ‘भरणे’ की ‘नूतनीकरण’?

दर्यापूरहून विचारणा

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एक विज्ञानलेख मराठीत आणते आहे. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन मोठ्या कड्यात वेगाने फिरवून त्यांच्यापासून प्रखर प्रकाश मिळवणारे यंत्र. जुन्या सिंक्रोट्रॉनमधले अंड्युलेटर नव्या सिंक्रोट्रॉनसाठी पुन्हा तयार करतात, त्याला इंग्रजीत ‘रिफर्बिश’. कोशातले ‘नूतनीकरण’ वाचले की रेशनकार्ड आठवते. ‘डागडुजी’ चालेल का?

आर्वीहून

डागडुजी नको, ताई. पावसाळ्याआधी कवेलू सारखे केले, गळती थांबली, ती डागडुजी. इथे काम त्याहून मोठे आहे.

अंड्युलेटर म्हणजे समोरासमोर दोन लांब जबडे. प्रत्येकावर चुंबकांची रांग, ध्रुव उलटसुलट. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात आणि वळता वळता प्रकाश देतात. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स’ या सिंक्रोट्रॉनने एप्रिल २०२३ मध्ये जुने कडे बंद करून त्याच जागी नवे बसवले. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ७ वरून ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली. ऊर्जा उतरली की त्याच चुंबकांतून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. ती पहिल्यासारखी हवी, तर एका उत्तर ध्रुवापासून पुढच्या उत्तर ध्रुवापर्यंतचे अंतर कमी करावे लागते. तिथल्या नेहमीच्या जुन्या अंड्युलेटरात हे अंतर ३३ मिलिमीटर होते. म्हणून फट कमी-जास्त करणारा भक्कम सांगाडा ठेवला आणि त्यावर नव्या मापाच्या चुंबकांच्या रांगा चढवल्या.

विहिरीवरची मोटर जळाली की आपण काय म्हणतो? ‘भरायला टाकली.’ बॉडी तीच, तांब्याची तार नवी. मी तर सरळ ‘अंड्युलेटर नव्याने भरला’ असे लिहीन.

मूलहून

‘भरला’ फार आवडला, भाऊ. पण जिथे चुंबक तेच राहतात, तिथे तो खोटा पडतो. निओडिमियमचे चुंबक वर्षानुवर्षे किरणोत्सार खाऊन क्षीण होतात, तेही सगळे सारखे नाही. मग हॉल प्रोबने, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाने, जबड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षेत्र मोजायचे, चुंबकांची अदलाबदल करायची, कुठे पातळ चकती सरकवायची, असे करत क्षेत्र एकसारखे आणतात. नवे काहीच भरलेले नसते.

आमच्या घरी लाखोळी भरडायचे जाते होते. ते गुळगुळीत झाले की आजी टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्यायची. दगड तोच, पण डाळ पुन्हा नीट पडायची. या कामाला माझ्या मते ‘टाकी लावणे’च जवळचे.

दर्यापूरहून

मग दोन्ही घेते. ‘सांगाडे ठेवून काही अंड्युलेटर नव्याने भरले; ज्यांचे चुंबक कायम राहिले, त्यांना टाकी लावली.’ आता अडले ते नामापाशी. शीर्षकात ‘अंड्युलेटरची भराई’ लिहू?

आर्वीहून

‘भराई’ म्हटले की मजुरी किती, हेच डोक्यात येते. शीर्षकातही क्रियापदच ठेवा: ‘जुने अंड्युलेटर पुन्हा भरताना’.

मूलहून

आणि जात्याचे चित्र काढा शेजारी. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी टाकी लावताना पाहिलेली नाही.