वेगवान भुयारी प्रवास : सुरक्षिततेचे तुमचे अनुभव

गाडी भुयारात शिरली, कानात दडे बसले की काही जण डोळे मिटतात, काही जण दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवतात. मी दुसऱ्या गटातली. भुयारात अडकणं, धूर, गर्दीतून बाहेर पडणं, यातलं जे स्वतः अनुभवलंय ते लिहा.

●

आमची गाडी मधेच थांबली. निम्मे दिवे गेले, एसीचा आवाज बंद झाला. अंधारापेक्षा जास्त भीती वाटली ती कुणीच काही सांगत नव्हतं त्याची. समोरचे काका दाराचं आपत्कालीन हँडल ओढायला उठलेच होते, तेवढ्यात घोषणा झाली आणि ते बसले. शेजारच्या मार्गावरून तेव्हा गाड्या धावत होत्या.

●

पण दरवेळी बसून राहणंही बरोबर नसतं. २००३ मध्ये दक्षिण कोरियात डेगूच्या मेट्रोत एका माणसाने आग लावली. समोरून आलेली दुसरी गाडी तिथेच अडकली, प्रवाशांना आत थांबायला सांगितलं गेलं, आणि चालक मुख्य किल्ली घेऊन निघून गेल्यावर दारं बंदच राहिली. एकूण १९२ माणसं गेली.

●

भुयारांच्या वायुवीजनात, म्हणजे पंख्यांनी हवा खेळती ठेवण्याच्या कामात आहे. वेगाची चर्चा फार होते, पण आगीत माणूस मरतो तो बहुतेकदा धुराने. पंख्यांनी धूर एका बाजूला ढकलायचा आणि माणसं दुसऱ्या बाजूने काढायची, सगळी सुटका यावरच उभी असते. चाचणीत आम्ही गरम धूर सोडतो. तो छताला धरून सरकतो, आणि पंख्याचा जोर जरा कमी पडला की तोच थर वाऱ्याविरुद्ध मागे येऊ लागतो, डोक्यावरून. १९९५ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकूमध्ये मेट्रोला आग लागली, तेव्हा धूर माणसं ज्या दिशेने पळत होती तिकडेच ओढला गेला. २८९ बळी. पंखे नुसते बसवून भागत नाही, ते कोणत्या दिशेने आणि कुणी फिरवायचे हे आधीच पक्कं हवं.

●

इंग्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणाऱ्या चॅनेल टनेलमध्ये गाड्यांच्या दोन भुयारांच्या मधे सेवा-भुयार आहे, दर ३७५ मीटरवर तिकडे जायचं दार, आणि आत हवेचा दाब जास्त, म्हणजे धूर शिरत नाही. १९९६ च्या आगीत सगळे वाचले.

●

आईला घेऊन सुटकेच्या सरावाला गेले होते. ती व्हीलचेअरवर असते. डब्याच्या दारातून खुर्ची बाहेर आली, पण बाजूच्या पायवाटेवर वळेचना. पुढचं चाक कठड्यात अडकलं. चौघांनी उचलून नेली, मागची रांग तोवर खोळंबली. पायवाटेची रुंदी ठरवताना खुर्ची वळवून पाहिली होती का, असं मी लेखी विचारलं आहे.