रीमास्टर सोडा, इथे वाजवणारेच बदलले

रीमास्टर, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची नव्यानं सुधारून काढलेली आवृत्ती, यात नुसता आवाज चढवतात, असं म्हणतात. ते मला अर्धंच पटलं, भाऊ. आवाज चढवला की ड्रमचा ठोका दबतो, ते खरंच. पण काही वेळा नव्या आवृत्तीत वादकच बदलतात. रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नचे ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ (१९८०) आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ (१९८१) हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा काढले, तेव्हा बॉब डेझलीचा बास (खालच्या सुरांची गिटार) आणि ली कर्सलेकचे ड्रम काढून टाकले आणि रॉबर्ट त्रुहियो व माइक बोर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतले. मुख्य गिटार तेवढी रँडी ऱ्होड्सचीच राहिली. तो तर १९८२ मध्येच वारला होता. म्हणजे ज्यांच्यासोबत त्यानं ती वाजवली, तेच गायब! हा मला सरळ अन्याय वाटतो. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं.

आमच्या आर्वीकडे शेतीची वीज बरेचदा रात्रीचीच असते. हरभऱ्याला ओलीत करताना ‘ब्लिझर्ड’मधलं ‘क्रेझी ट्रेन’ हे गाणं जुन्या आणि २००२ च्या, दोन्ही आवृत्त्यांतून लागोपाठ ऐकलं, आवाज सारखा ठेवून. जुन्यात डेझलीचा बास ऱ्होड्सच्या गिटारीच्या मधल्या जागा भरत जातो, दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतात हे कळतं. २००२ च्या सीडीत त्रुहियो कुठंच कमी पडत नाही, तरी तो संवाद मला सापडला नाही. नागपुरात सीताबर्डीला जुनी सीडी दिसली तर मागच्या बाजूला छापलेलं वर्ष आधी बघा, २००२ ची तर नाही ना.